बोटीच्या गिअरची खालची केबल बदलली: मे ते ऑगस्टची नोंद

मे

गिअर लिव्हर सीझनभर जड होत चालला होता, मे महिन्यात त्याने हद्द केली. फॉरवर्डला टाकताना फारसं जाणवायचं नाही. फॉरवर्डमधून न्यूट्रलला आणताना मात्र दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, आणि लिव्हर न्यूट्रलला पोचतो न पोचतो तोच इंजिन बंद. पुन्हा चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. बेलापूर जेट्टीला लागताना, ओहोटीची ओढ असताना, इंजिन असं हातातून गेलं तर काय होतं ते या खाडीत बोट चालवणाऱ्यांना सांगायला नको. 2022 मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाल्यापासून तिथे वळायला-थांबायला मोकळीकही पूर्वीइतकी राहिलेली नाही.

बोट अठरा फुटी, मर्क्रूझर कंपनीचं 3.0 लिटर चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, मागे अल्फा वन जनरेशन टू ड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेला गिअर आणि प्रॉपेलरचा भाग (स्टर्नड्राइव्ह). ही माहिती आधीच देतो, कारण पुढचं सगळं अल्फालाच लागू आहे. त्याच कंपनीच्या ब्राव्हो ड्राइव्हमध्ये कोन क्लच (शंकूच्या आकाराचा, घर्षणाने पकडणारा) असतो आणि त्याची गिअर बदलण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे ब्राव्होवाल्यांनी यातलं मोजमाप उचलू नये.

न्यूट्रलला इंजिन बंद पडतं म्हटलं की बहुतेक जण कार्बोरेटरकडे बोट दाखवतात. आमच्याकडेही एका मेकॅनिकने आयडल, म्हणजे इंजिनचा रिकाम्या चालीचा वेग, वाढवून देतो म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. आयडल वाढवून इंजिन टिकलं असतं, पण गिअरमधला दातांचा क्लच (डॉग क्लच) वाढलेल्या आरपीएमवर आदळत राहिला असता आणि वर्षभरात गिअरकेस उघडायची वेळ आली असती.

खरं कारण समजायला अल्फाचा गिअर कसा सुटतो ते डोक्यात हवं. खालच्या गिअरकेसमध्ये डॉग क्लच आहे, म्हणजे दातात दात. प्रॉपेलरचा भार त्या दातांवर असेपर्यंत ते एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटवर (गिअरच्या केबल जिथे एकत्र येतात ती पट्टी) एक छोटा स्विच दिलेला असतो, इंटरप्ट स्विच. गिअर काढताना केबलवर ताण आला की शिफ्ट प्लेटची पट्टी किंचित सरकते, तिच्यातल्या व्ही आकाराच्या खाचेतून स्विचचा रोलर वर चढतो आणि इग्निशन क्षणभर तुटतं. दातांवरचा भार जातो, क्लच सुटतो, पट्टी जागेवर येते, रोलर खाचेच्या तळाशी बसतो, इंजिन पुन्हा पकडतं. सगळं नीट असेल तर कानाला फक्त एक हलका अडखळा ऐकू येतो.

आता केबलच जड असेल तर? ताण क्लचचा नसतो, केबलचा असतो, आणि तो लिव्हर हलत असेपर्यंत राहतो. रोलर वर चढतो तो उतरतच नाही. इंजिन मरतं, आणि माणूस कार्बोरेटर साफ करत बसतो.

बोट ट्रेलरवर घेतली, प्रॉपेलर काढला, ड्राइव्हला मफ (पाणी खेचणाऱ्या भोकांवर बसणारे, नळ जोडायचे रबरी कप) लावून पाणी सुरू केलं आणि इंजिन चालू केलं. प्रॉपेलर नाही म्हणजे दातांवर जवळजवळ भार नाही, म्हणजे स्विच चढायचं काही कारण नाही. मित्राने लिव्हर न्यूट्रलला ओढला, मी शिफ्ट प्लेटपाशी वाकून बघत होतो. रोलर सरळ खाचेच्या काठावर जाऊन बसला आणि इंजिन बंद. मग स्विचची वायर सोडवली, टोकाला टेप लावून बाजूला बांधली, आणि तेच पुन्हा केलं. इंजिन मजेत चालू राहिलं. इग्निशन, कार्बोरेटर, कॉइल सगळी यातून सुटली. (ही वायर अशीच काढून ठेवून खाडीत जाणारेही पाहिले आहेत. तसं करू नका. भाराखाली दात ओढून काढले की त्यांच्या कडा तुटतात, आणि ऐन वेळी गिअर सुटलाच नाही तर समोर जेट्टी असते.)

जून

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बंदरावर सगळी होडकी वर ओढलेली. आमची बोटही तिथल्याच एका शेडमध्ये ताडपत्रीखाली. शेडचे मालक, आमचे नाखवा काका, यांनी आयुष्यभर डिझेल इंजिनं हाताळली. स्टर्नड्राइव्ह त्यांना नवीन. पण त्यांचं पहिलं वाक्य मला या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडलं. मी नवीन केबल मागवायला फोन काढला तसे म्हणाले, "आदी हातान वढून बग, मंग बोल."

गिअरच्या केबल दोन. वरची, कंट्रोल बॉक्सपासून इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटपर्यंत. खालची, शिफ्ट प्लेटपासून ट्रान्सममधून (बोटीची मागची भिंत) बाहेर, तिच्यावर बसवलेल्या गिंबल हाऊसिंगमधून बेल हाऊसिंगपर्यंत (ड्राइव्ह ज्याला जोडलेला असतो तो भाग). खालची बदलणं म्हणजे ड्राइव्ह आणि बेल हाऊसिंग दोन्ही उतरवणं. जडपणा नेमका कुठे आहे ते कळल्याशिवाय पाना उचलणं म्हणजे नुसती मेहनत आणि पैसा.

शिफ्ट प्लेटवरून दोन्ही केबल सोडवल्या. लिव्हर हलवला तर वरची केबल एका बोटाच्या जोरावर सरकत होती. ती निर्दोष. खालचीचं पितळी टोक धरून आत-बाहेर केलं. बाहेर येताना मध्यापर्यंत बरी, मग रुतल्यासारखी, मग एकदम सुटायची. कुणीतरी मागे प्रॉपेलर शाफ्ट हळूहळू फिरवत राहायला हवा हे लक्षात ठेवा, नाहीतर दातावर दात येतात आणि चांगली केबलही अडकल्यासारखी वाटते.

एवढ्यावर केबलला दोषी ठरवता येत नाही. गिअरकेसमधला शिफ्ट शाफ्ट जाम असेल तरी हाताला असंच लागतं. म्हणून ड्राइव्ह फॉरवर्डमध्ये ठेवून सहा नट काढले आणि ड्राइव्ह मागे ओढून घेतला. फॉरवर्डमध्येच का, तर जोडतानाही शिफ्ट शाफ्टची दोन टोकं त्याच स्थितीत एकमेकांत बसतात. ड्राइव्हमधला शाफ्ट हाताने फिरवला: मोकळा. केबल पुन्हा ओढली: तशीच जड.

उरली एक शंका. बेल हाऊसिंगमध्ये शिफ्ट लिव्हर ज्या बुशिंगमध्ये फिरतो तिथे आपल्या खाडीचा बारीक गाळ बसतो आणि मिठाबरोबर घट्ट होतो. केबलच्या तारेला धरणारा छोटा ग्रब स्क्रू सैल केला, तार लिव्हरपासून वेगळी केली, लिव्हर चिमटीत धरून हलवला. गाळ होता, पण लिव्हर फिरत होता. तार एकटी ओढली तर ती मात्र करकरत आली.

आता नवीन केबलचं किट मागवलं. मूळ कंपनीचंच घेतलं. स्वस्तातल्या केबल मिळतात, पण त्यातल्या काही नव्या असतानाच जड लागतात असं बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे, आणि एवढं सगळं उतरवून पुन्हा जड केबल घालायची माझी तयारी नव्हती.

जुलै

बेल हाऊसिंग उतरवताना खरा वेळ दोन हिंज पिननी (हाऊसिंग ज्यांवर झुलतं त्या बिजागरीच्या पिन) खाल्ला. त्यांना लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावलेलं असतं आणि वर खाऱ्या पाण्याची कित्येक वर्षं. पिन काढायला खास टूल लागतं. आम्ही रबाळे एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून बारमधून बनवून घेतलं. पिनवर थोडी उष्णता दिली, लॉकटाइट मऊ होऊ दिलं, मग लांब दांडा लावून सावकाश. डावी सहज आली. उजवी तेल, उष्णता, थांबणं, पुन्हा उष्णता या चक्रातून गेली, पण तुटली नाही. घाई केली तर पिनचं तोंड गोल होतं आणि मग ड्रिल करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बेलोज म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या. यू-जॉइंट बेलोज, एक्झॉस्ट बेलोज, पाण्याचा होस आणि केबलचा छोटा बेलोज, सगळ्यांचे क्लॅम्प सोडवल्यावर हाऊसिंग हातात आलं.

जुनी केबल बाहेर काढून शेडच्या दारात उजेडात धरली. बेल हाऊसिंगपासून वीतभर अंतरावर, जिथे ड्राइव्ह वळताना केबल दर वेळी वाकते, तिथे काळ्या आवरणाला नखाएवढी चीर. वरून पाहिलं तर दिसतही नाही. वाकवली की तोंड उघडायची. आवरण कापलं तर आतल्या वेटोळ्या तारेची मिसरीसारखी काळपट तांबडी पूड झालेली, आणि त्या पुडीत मधली तार घासून झिजलेली. रुतून मग एकदम सुटण्याचं कारण ते: चिरेजवळचा तेवढा तुकडा.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण जड लिव्हरपेक्षा हे गंभीर आहे. ही केबल पाण्याच्या पातळीखालून बोटीत शिरते. आवरण फाटलं आणि छोटा बेलोजही गळत असला, तर पाणी केबलच्या आतून नळीतून यावं तसं बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, येतं. बिल्जमध्ये दर वेळी थोडं पाणी का असतं, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी एकदा खालच्या केबलचं आतलं टोक कोरडं पुसून, बोट पाण्यात असताना ते ओलं होतं का बघावं.

एवढं उघडलंच आहे तर तिन्ही बेलोज आणि पाण्याचा होस बदलले. यू-जॉइंट बेलोज वरून बरा दिसत होता, पण वळ्यांच्या आत बारीक भेगा होत्या. गिंबल बेअरिंग (ड्राइव्हचा शाफ्ट ज्यात फिरतो ते) हाताने फिरवलं, खरखर नाही, ग्रीस भरलं.

ऑगस्ट

नवीन केबल घालताना बेल हाऊसिंगमधल्या नटाला सीलंट लावलं. बोटीच्या आत ती इंजिन कपलरपासून (इंजिन आणि ड्राइव्हचा शाफ्ट जोडणारा फिरता भाग) लांब नेली, किटमधलं प्लास्टिकचं संरक्षक वेटोळं गुंडाळलं, आणि तीव्र वळण कुठे येणार नाही असं पाहिलं. फिरत्या कपलरला घासून कापलेली केबल मी पाहिली आहे. नवीन केबल महिन्यात जाते. हिंज पिन नव्या लॉकटाइटसह 95 फूट-पाउंड टॉर्कने आवळल्या, ड्राइव्हचे नट 50 फूट-पाउंडने.

अ‍ॅडजस्टमेंट हा या कामाचा आत्मा आहे. ड्राइव्ह पूर्ण फॉरवर्डमध्ये, प्रॉपेलर शाफ्ट फिरवून दात पक्के बसल्याची खात्री केली, आणि खालच्या केबलच्या टोकाच्या भोकापासून केबलवरच्या आट्यांवर फिरणाऱ्या पितळी बॅरलच्या मध्यापर्यंत बरोबर 6 इंच येईल असा बॅरल फिरवला. वरच्या केबलसाठी लिव्हर न्यूट्रलला ठेवून केबलचं टोक हलकेच आत दाबलं, खूण केली. हलकेच बाहेर ओढलं, दुसरी खूण केली. केबलमधली ढिलाई या दोन खुणांमध्ये आहे, आणि जोडायचं ते बरोबर मधल्या बिंदूवर. ही पायरी गाळली की फॉरवर्ड छान लागतो आणि रिव्हर्स अर्धवट. टोकांवरचे नट पूर्ण घट्ट करायचे नाहीत: टेकेपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे, मग स्प्लिट पिन. टोक पिनवर फिरायलाच हवं.

मफवर पहिल्यांदा गिअर काढला तेव्हा रोलर खाचेत जागच्या जागी राहिला. स्विचची वायर परत जोडली.

नारळी पौर्णिमा झाल्यावर भरतीला बोट पाण्यात उतरवली. लिव्हर आता दोन बोटांनी चालतो. भाराखाली गिअर काढताना तो हलका अडखळा येतो आणि इंजिन धरून राहतं. नाखवा काकांना लिव्हर दिला, त्यांनी फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स तीन-चार वेळा करून पाहिलं आणि सरळ जेट्टीला उलटी लावून दाखवली. परत आल्यावर बिल्ज कोरडं होतं.

वरची केबल मोकळी असली तरी तिचंही वय झालं आहे, ती पुढच्या पावसाळ्याआधी बदलणार आहे. त्यासाठी ड्राइव्ह काढायची गरज नाही, कंट्रोल बॉक्स उघडला की पुरतं. हिंज पिनचं टूल शेडमध्येच ठेवलं आहे. बेलापूर, वाशी, ठाणे भागात कुणाला अल्फाचं बेल हाऊसिंग उतरवायचं असेल तर घेऊन जा, काम झालं की परत आणून द्या.