सड्यावरची खोटी घट

वास्प-43 हा मघेच्या दक्षिणेला साधारण 22 अंशांवरचा नारिंगी तारा, प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) 12.4. त्याचा ग्रह 2011 साली जाहीर झाला. आकाराने जवळपास गुरूएवढा, वस्तुमानाने दुप्पट, आणि साडेएकोणीस तासांत ताऱ्याभोवती एक फेरी! अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, ताऱ्याचा उजेड अडीच टक्के उतरतो. देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मांडलेल्या 8 इंची दुर्बिणीला तेवढं पुरतं.

फेब्रुवारीअखेरची रात्र होती. खारा वारा पडून मतलई सुरू झाली होती, पण कातळ हाताला ओलसर लागत होता. पश्चिमेला एलईडी लावलेल्या होड्यांमुळे क्षितिज पांढरंफटक. तारा 64 अंशांपर्यंत चढणार असल्याने त्याचा त्रास नव्हता. 60 सेकंदांची एक फ्रेम, फोकस मुद्दाम किंचित सैल, ताऱ्याच्या सर्वात उजळ पिक्सेलची मोजणी 30,000 च्या आसपास. 65,535 ला सेन्सर तुडुंब भरतो, मग मोजणीला अर्थ राहत नाही. ज्यांच्याशी उजेड ताडून पाहायचा ते तुलनातारे तीन, शक्य तितके लालसर घेतले. निळा तारा क्षितिजाकडे उतरताना जास्त मंदावतो आणि आलेख उगाच तिरपा होतो.

अधिक्रमण 1:05 ते 2:15. तारा 12:32 ला याम्योत्तरावर (उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर) येणार, म्हणून 12:25 ला माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, उलटवला. नाहीतर नळी खांबाला घासते. पुढच्याच फ्रेमला तारा 1.2 टक्के खाली!

"ग्रह लवकर आला की काय?" सोबतचा एक मुलगा म्हणाला.

चाळीस मिनिटं लवकर कसा येईल? पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार प्रकाश पोचायच्या वेळेत फरक पडतो, तोही जास्तीत जास्त आठेक मिनिटांचा. लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसवर लावलेलं होतं. शिवाय खरा ग्रह एका फ्रेममध्ये ताऱ्यापुढे शिरत नाही, त्याला पंधराएक मिनिटं लागतात. तिन्ही तुलनातारे एकमेकांशी ठीक जुळत होते. म्हणजे गडबड आपल्याच ताऱ्याच्या जागेवर.

फ्रेमचा कॉन्ट्रास्ट ताणून पाहिला. ताऱ्याभोवतीचं रिकामं आकाशही काळवंडलेलं, कडा मऊ असलेला गोल डाग. उणे 10 अंशांवर ठेवलेल्या सेन्सरवर हिमाचा ठिपका धरला होता. सेन्सरवरचे डाग दुरुस्त करायला एकसारख्या उजेडाच्या ज्या फ्लॅट फ्रेम लागतात त्या संध्याकाळी घेतलेल्या, त्यांत तो नव्हता, त्यामुळे दुरुस्ती होईना. माउंट उलटवण्याआधी तारा सेन्सरच्या दुसऱ्या बाजूला होता, म्हणून तोवर काही दिसलं नाही.

सेन्सर गरम करून हिम घालवता आलं असतं, पण मग त्या तापमानाच्या डार्क फ्रेम (सेन्सरचा स्वतःचा गोंधळ वजा करायला झाकण लावून घेतलेल्या) कुठून आणायच्या? त्यापेक्षा चित्रच 150 पिक्सेल सरकवलं आणि गायडिंग, म्हणजे तारा जागेवर धरून ठेवणं, पुन्हा सुरू केलं. 12:50 ला उजेड जागेवर आला. ग्रहाआधीची सपाट रेषा मिळाली ती जेमतेम पंधरा मिनिटांची, हे नुकसान सोसावंच लागलं. 1:05 नंतर वक्र हळूहळू घसरला, 1:40 ला तळाशी, 2:15 ला पूर्ववत. पुढे तीनपर्यंत फ्रेम घेत राहिलो. दुर्बिणीच्या तोंडावरच्या काचेवर (करेक्टर प्लेट) दव जमू नये म्हणून तिला ऊब देणारा ड्यू हीटर पूर्ण चालू ठेवला, त्यात बॅटरी अर्ध्यावर आली.

सकाळी कॅमेऱ्याचा ओलावा शोषणारा कप्पा उघडला. सिलिका जेलचे निळे मणी पार गुलाबी झाले होते. ते वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, मंद आचेवर, निळा रंग परत येईपर्यंत तापवले. घरच्या तव्यावर हे करू नये, त्या रंगात कोबाल्ट असतं.