लोअर ब्रॉकहॅम्प्टन : खंदक आहे, पण किल्ला नाही

इंग्लंडच्या हेरफर्डशरमध्ये ब्रॉमयार्डजवळचं लोअर ब्रॉकहॅम्प्टन हे खंदकाने वेढलेलं जुनं घर बघायला आलेला जो तो खंदकापाशी थबकून 'छोटासा किल्ला' म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. परांड्याचा भुईकोट ज्याने बघितलाय, त्याने तरी असं म्हणू नये.

पुढ्यातलं दुमजली प्रवेशद्वार नीट बघा. ओकच्या तुळयांचा सांगाडा, लाकडी खुंट्यांनी जोडलेला. मधल्या चौकटींत आपल्या कुडासारखी लिंपलेली भिंत. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे काढलेला आणि सगळा डोलारा एका अंगाला कललेला. जाळायला एक मशाल पुरे! शिवाय घर साधारण सहाशे वर्षांपूर्वीचं, हे प्रवेशद्वार मागाहून आलेलं. तोफखाना अडवायला नव्हे, पाहुण्यांवर छाप पाडायला.

इंग्लंडमध्ये खंदकवाली अशी पाच हजारांहून जास्त ठिकाणं सापडली आहेत. बहुतेक १२५० ते १३५० मधली, पूर्वेकडच्या सफक-एसेक्स परगण्यांच्या चिकणमातीत दाटीने. सगळी जहागीरदारांची नव्हेत. हातात पैसा आलेल्या स्वतंत्र शेतकऱ्यांनीही खंदक खणले. माती चिकण असली की पाणी आपोआप साठतं, वेगळं अस्तर लागत नाही. मध्येच वाळू-खडीचा थर लागला तर मात्र गळती सुरू.

हिशोब करा. ४० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद जागेभोवती ८ मीटर रुंद, २ मीटर खोल, उतरत्या काठांचा खंदक म्हणजे अंदाजे १,९०० घनमीटर माती. माणशी दिवसाला दोन घनमीटर धरली तर वीस माणसांचं सात आठवड्यांचं काम. ती माती आत टाकून जोतं उंच करायचं. घर कोरडं राहतं, गुरं आणि भुरटे चोर बाहेर. आग लागली तर पाणी हाताशी. मासेही पाळता येत, पण त्याच पाण्यात संडास सोडला असेल तर ते ताटात नको! ऐपतदारांची मासळीची तळी म्हणूनच वेगळी असत. गाळ उपसला नाही तर खंदक बुजतो. तोच ओला गाळ चामडं, लाकूड, बिया शेकडो वर्षं जपतो, म्हणून उत्खनन करणाऱ्यांचा जीव वाड्यापेक्षा त्यात जास्त.

सफकमध्ये बऱ्याच ठिकाणी घर गेलंय, चौकोनी खळगा तेवढा उरलाय. तिथे हिवाळ्यातच जावं, कलत्या उन्हात काठ उठून दिसतात. उन्हाळ्यात अंगाची आग करणारं नेटल नावाचं रानगवत कमरेएवढं माजतं. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर जुन्या वळणाच्या अक्षरांत 'मोट' (Moat, म्हणजे खंदक) लिहिलेलं शोधा आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घाला.