एनबीएमध्ये शेवटच्या संघाला खाली का पाठवत नाहीत?

अमेरिकेतल्या या बास्केटबॉल लीगबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कोर्टाच्या कडेला उभं राहून दोन वाक्यांत देता येईल असं हे उत्तर नाही. डेक्कनला असो की बालेवाडीला, स्कोअरशीट घेऊन बसलो की हाफटाइमला कुणीतरी येतंच, बहुतेकदा रात्री जागून इंग्लिश फुटबॉल बघणारं कॉलेजचं पोरगं. "सर, प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. एनबीएत का नाही? मुद्दाम हरणाऱ्यांना अद्दल घडेल."

मुद्दाम हरणं खरंच चालतं, ते आधी मान्य करू. एनबीएत जो तळाला राहतो त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आधी नंबर मिळण्याची शक्यता जास्त. हे थांबवायला 1985 पासून लॉटरी, म्हणजे नंबरांची सोडत, आहे. 2019 मध्ये तिचे नियमही बदलले, तळाच्या तिघांनाही पहिल्या नंबरची सारखीच, 14 टक्के संधी ठेवली. तरी मोह सुटत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये डॅलसचा संघ प्ले-इनच्या, म्हणजे बाद फेरीत (प्लेऑफमध्ये) शिरण्यासाठीच्या पात्रता सामन्यांच्या, शर्यतीत होता. शिकागोविरुद्ध त्यांनी मुख्य खेळाडू बसवले आणि हरले. लीगनं साडेसात लाख डॉलर दंड केला, पण ड्राफ्टमधला त्यांचा दहावा नंबर त्यांच्याकडेच राहिला. ज्यासाठी हरले ते मिळालं. अशा रात्री पैसे मोजून आलेल्या माणसाचा विचार केला की मला राग येतो, आणि त्या पोराचा प्रश्न रास्त वाटतो.

पण खाली पाठवायचं तरी कुठे? एनबीएच्या खाली जी लीग आहे, तिथले जवळपास सगळे संघ एनबीएच्याच एकेका संघाशी बांधलेले आहेत, बरेचसे तर त्यांच्याच मालकीचे. ती लीग 2001 मध्ये सुरू झाली ती खेळाडू तयार करायला. तिथला विजेता वर आणायचा म्हटलं तर उद्या एकाच मालकाचे दोन संघ समोरासमोर येतील. शिवाय 2025-26 पासून अकरा वर्षांचा 76 अब्ज डॉलरचा प्रसारण करार आहे, त्यातला वाटा तीसही संघांना मिळणार. तो हक्क पणाला लावायला कोणता मालक हात वर करेल? लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनीही ही कल्पना नाकारलेली आहे.

आणि एनबीएमधला डेट्रॉइटचा संघ बघा. 2023-24 मध्ये ओळीनं 28 सामने हरले, हंगामाअखेर 14 विजय, 68 पराभव. रेलिगेशन, म्हणजे तळाच्यांना खाली पाठवण्याची पद्धत, असती तर नक्की गेले असते, आणि त्यांचा केड कनिंगहॅमसारखा खेळाडू दुसऱ्या दिवशी सामान बांधून निघाला असता. प्रत्यक्षात तोच संघ, तोच कनिंगहॅम, पुढच्याच हंगामात 44 सामने जिंकून प्लेऑफमध्ये. रेलिगेशनच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे उदाहरण टाळू नये. मीही टाळत नाही.

माझं मत ज्यानं घडवलं तो बास्केटबॉल क्लब स्पेनमधल्या माद्रिदचा, एस्तुदियांतेस. रामिरो दे माएस्तू नावाच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांनी 1948 मध्ये काढलेला. एकाच शहरात रेआल माद्रिदसारखा धनाढ्य शेजारी, तरी हा शाळेचा क्लब पिढ्यान् पिढ्या पहिल्या श्रेणीत टिकून होता. स्पेनच्या लीगमध्ये अठरा संघ असतात आणि शेवटचे दोन खाली जातात. 2012 मध्ये एस्तुदियांतेस खेळून हरला, खाली जायला हवा होता, पण गेला नाही. कारण खालून वर येणाऱ्यांना लीगच्या पैशांच्या अटी झेपल्या नाहीत. 2016 मध्येही असंच झालं. कोर्टवर जिंकलेला संघ पैशाअभावी दारात थांबला, ही मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. 2017 मध्ये स्पेनच्या स्पर्धा आयोगानं त्या अटींबद्दल लीगला दंड केला. 2021 मध्ये मात्र एस्तुदियांतेस खरोखर खाली गेला, आणि मग वर्षामागून वर्ष तिथेच खेळत राहिला. क्लब बंद पडला नाही. शाळा होती, लहान गटांचे संघ होते, 'ला देमेन्सिया' म्हणवणारे त्यांचे वेडे पाठीराखे होते, आणि खालच्या लीगमध्येही दर आठवड्याला खरी मॅच होती.

रेलिगेशन चालतं ते अशा ठिकाणी. खालची लीग जिवंत असेल तरच खाली जाण्याला अर्थ आहे. नाहीतर ती सरळ हकालपट्टी. जपाननं तर उलटी वाट धरली. 2016 ला सुरू झालेल्या तिथल्या बी-लीग या बास्केटबॉल लीगमध्ये निकालावर चढ-उतार होता. 2026-27 पासून तो बंद करून सर्वांत वरच्या श्रेणीसाठी सरासरी चार हजार प्रेक्षक, 1.2 अब्ज येन उत्पन्न आणि ठरावीक दर्जाचं स्टेडियम अशा अटी ठेवल्या. संघ आर्थिकदृष्ट्या भक्कम होतील हे खरं, पण छोट्या गावातल्या संघानं जिंकून काय मिळवायचं?

बंद लीगमध्ये संघ सुरक्षित राहतो, असंही कुणी पुणेकराला सांगू नये. आयपीएलमधले वॉरियर्स गेले, सुपरजायंट गेले. आयएसएल या फुटबॉल लीगमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गेला. यांतला एकही खालच्या श्रेणीत गेला नाही, कारण तशी श्रेणीच नव्हती. आपल्या जिल्ह्याच्या फुटबॉल लीगमध्ये मात्र सुपर डिव्हिजनपासून खालपर्यंत डिव्हिजन आहेत. तिथली तळाच्या दोन संघांची एक मॅच मी पाहिली आहे. शेवटच्या पाच मिनिटांत एका संघाचा गोलकीपर कॉर्नरच्या वेळी समोरच्या बॉक्समध्ये धावत गेला. बाहेर त्यांचे सर घसा बसेपर्यंत ओरडत होते. बघायला तीसेक माणसं असतील. एवढी पणाला लागलेली मॅच मला एनबीएच्या मार्च महिन्यात क्वचित दिसते.

मग एनबीएनं काय करावं? कुणालाही खाली पाठवू नये, पण हरण्याचं बक्षीस काढून घ्यावं. उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या आइस हॉकी लीगनं हे केलं आहे: प्लेऑफची आशा संपल्यानंतर संघ जितके गुण मिळवेल, तितका ड्राफ्टमधला नंबर वर. जो लवकर बाद होतो त्याला गुण मिळवायला सामनेही जास्त मिळतात, म्हणजे दुबळ्याला मदत राहते आणि प्रत्येकाला जिंकावंच लागतं. मला हे आजवरचं सगळ्यात शहाणं उत्तर वाटतं.

आणि चढ-उतार हवाच असेल तर तो आपल्याकडे आणू या. मी ज्या स्पर्धांत टेबलवर बसतो त्या बहुतेक चार-पाच दिवसांच्या, बाद पद्धतीच्या. पहिल्याच दिवशी हरलेला संघ संध्याकाळी बॅगा उचलतो आणि पुढची स्पर्धा येईपर्यंत फक्त प्रॅक्टिस करतो. त्याऐवजी जिल्ह्यात शनिवार-रविवारची लीग असावी, वरच्या डिव्हिजनमध्ये आठ संघ, खालच्यात येतील तेवढे, दोन वर, दोन खाली. प्रवेश फी दोन्हीकडे सारखी, म्हणजे स्पेनमधल्यासारखं कुणी पैशाअभावी दारात अडकणार नाही. आपली बरीच कोर्ट उघडी, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात सुरू करून फेब्रुवारीत, परीक्षांच्या आत संपवता येईल. टेबलवर बसायला मी आहे, आणखी दोघं-तिघं लागतील. कुणाची तयारी असेल तर हाफटाइमला येऊन सांगा.