आयप्लेअर, टीव्ही परवाना आणि एक वेल्श मालिका

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांमध्ये एक समज पक्का रुजलेला दिसतो. घरात टीव्ही संच नसेल आणि सारे काही लॅपटॉपवर किंवा फोनवर पाहिले जात असेल, तर टीव्ही परवान्याचे, म्हणजे ज्या शुल्कावर मुख्यतः बीबीसी चालते त्याचे, पैसे भरण्याचे कारण नाही, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात कायद्याने परवाना जोडला आहे तो पाहण्याशी. यंत्र कोणते, याला तिथे महत्त्व नाही. कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण कोणत्याही पडद्यावर पाहायचे असेल, तर परवाना लागतो. बीबीसी आयप्लेअर या बीबीसीच्या इंटरनेट सेवेवर तर कार्यक्रम थेट पाहा किंवा महिन्याभराने पाहा, परवाना हवाच. याउलट आयटीव्ही वाहिनीच्या आयटीव्हीएक्स या सेवेवर किंवा चॅनल ४ च्या सेवेवर होऊन गेलेले भाग सवडीने पाहिले, तर तो लागत नाही, कारण त्या वाहिन्यांचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून निघतो. आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी, की इथे बसून मराठी वृत्तवाहिनीचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावले, तरी हाच नियम लागू होतो. परवान्याशिवाय पाहिल्याचे सिद्ध झाल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

परवाना माणशी नसून पत्त्यामागे एक असतो, त्यामुळे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांसाठी वेगळे काही करावे लागत नाही. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी एक नेमकी सवलत आहे. आईवडिलांच्या ब्रिटनमधल्या घराला परवाना असेल, तर मुलगा किंवा मुलगी वसतिगृहातल्या खोलीत त्यावर पाहू शकते. मात्र फोन किंवा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालत असला पाहिजे. चार्जरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली, की ती सवलत संपते. नियम विचित्र वाटेल, पण तो खरा आहे आणि मुले निघण्याआधी त्यांना सांगून ठेवावा असा आहे.

हे सारे नियम हळूहळू घडत गेले. चॅनल ४ ने आपली मागणीनुसार पाहण्याची सेवा २००६ च्या नोव्हेंबरात आणली आणि आयप्लेअर २००७ च्या नाताळात रीतसर सुरू झाला. तेव्हा बहुतेक कार्यक्रम सातच दिवस राहत. पुढे ती मुदत तीस दिवसांची झाली आणि २०१९ नंतर अनेक मालिका वर्षभर उपलब्ध राहू लागल्या. बीबीसी, आयटीव्ही आणि चॅनल ४ यांनी मिळून एकच सामाईक सेवा काढण्याचा घाट घातला होता, परंतु स्पर्धा आयोगाने २००९ च्या फेब्रुवारीत ती योजना रोखली. त्या निर्णयाचे मला आजही वाईट वाटते, कारण त्यानंतर थोड्याच वर्षांत परदेशी कंपन्यांनी हे मैदान व्यापले. आयप्लेअरवर मागाहून पाहण्यासाठीही परवाना लागू झाला तो १ सप्टेंबर २०१६ पासून. त्याआधी केवळ थेट प्रक्षेपणाला तो लागे, आणि आजचे गैरसमज बरेचसे त्या जुन्या काळातले आहेत.

परवान्याचा वर्षाचा दर २०२५ च्या एप्रिलमध्ये १७४.५० पाउंड होता. रक्कम लहान नाही. तरीही मी ती मनापासून भरतो, आणि त्याचे माझे सर्वांत मोठे कारण वेल्सची वेल्श भाषा हे आहे. स्वतंत्र वेल्श वाहिनी देण्याच्या आश्वासनापासून सरकार मागे हटले, तेव्हा १९८० साली ग्विनफोर इव्हान्स या वेल्श नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. त्यापुढे सरकार नमले आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस४सी वाहिनी सुरू झाली. २०२२ पासून तिचा सार्वजनिक निधी परवाना शुल्कातूनच येतो. तिचे कार्यक्रम आयप्लेअरवर आहेत, त्यामुळे लेस्टरमधल्या माझ्या घरी बसून मला १९७४ पासून चालू असलेली ‘पोबोल अ कूम’ ही मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह पाहता येते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन बायका वेल्शमध्ये वाद घालत असतात, मध्येच एखादा इंग्रजी शब्द सहज येऊन जातो आणि खालची ओळ क्षणभर मागे रेंगाळते. हे ऐकताना घरात मराठी टिकवू पाहणाऱ्या माणसाला जे वाटते, ते दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमाने मला दिलेले नाही. ज्या भाषेचा प्रेक्षक काही लाखांत मोजावा लागतो, तिच्यासाठी अशी मालिका केवळ वर्गणीदारांच्या पैशावर चालली असती, असे मला वाटत नाही.

भारतातले नातेवाईक विचारतात, की आम्हाला हे का दिसत नाही. कार्यक्रमाचे हक्क देशागणिक विकले जातात. कलाकार, लेखक, संगीतकार आणि निर्माते यांच्याशी झालेले करार ब्रिटनपुरते असतात, आणि त्याच मालिकेचे परदेशातले हक्क विकून निर्मितीच्या खर्चाचा काही भाग भरून निघतो. म्हणून आयप्लेअर देशाबाहेर चालत नाही. आडवाटेने तो उघडण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्या मी कुणाला सुचवत नाही. सुट्टीत भारतात जाताना एक सरळ मार्ग मात्र आहे: इथे असतानाच कार्यक्रम आयप्लेअरच्या ॲपमध्ये उतरवून घेतले, तर मुदत संपेपर्यंत ते बाहेरही पाहता येतात.

बीबीसीचा कारभार ज्या सनदेवर चालतो, ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते आहे आणि परवाना शुल्काऐवजी वर्गणी किंवा जाहिराती आणाव्यात का, यावर चर्चा चालू आहे. या चर्चेत परवानाधारक म्हणून आपलेही मत सरकारला कळवता येते आणि खासदाराला पत्र लिहिता येते. मी माझ्या पत्रात एस४सीबद्दल लिहिणार आहे.