साइट नवी करायला एवढा वेळ का लागतो?

"सॉफ्टवेअर इतकं चांगलं आणि साइट मात्र जुनाट! एखादा डिझायनर महिन्याभरात नवी करून देईल की." स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या साइटचं काम मी बघते, त्यामुळे हे वरचेवर ऐकते. बोलणाऱ्याला प्रकल्पाबद्दल आपुलकी असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महिन्याभरात नव्या रूपाचं चित्र तयार होतं, ते खरंय. मुखपृष्ठावर काय असावं यावर वाद होतात, पण तेही मिटतात. माझं मत ठाम आहे: मुखपृष्ठ पहिल्यांदा येणाऱ्याचं. हे काय आहे, माझ्या कामाचं आहे का आणि कुठून घ्यायचं, एवढं त्याला चटकन कळलं पाहिजे. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, कुठे नोंदवायचा हे जुन्या मंडळींना ठाऊक असतं.

खरा वेळ खातात ते पानांचे पत्ते. आमच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत ‘मदत’ दाबलं की साइटवरचं एक पान उघडतं. तो पत्ता प्रोग्राममध्येच लिहिलेला आहे. कितीतरी वर्षांपूर्वीची आवृत्ती आजही कुणाच्या तरी जुन्या संगणकावर चालू असते आणि तिच्यातला पत्ता आता आम्हाला बदलता येत नाही. म्हणजे नव्या साइटवर प्रत्येक जुना पत्ता कुठे वळवायचा हे एकेक करून ठरवावं लागतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात. हे काम कुणाला दिसत नाही. मात्र ते राहून गेलं, तर अडचणीत मदत शोधणाऱ्यासमोर ‘पान सापडलं नाही’ एवढंच येतं.

दुसरी गोष्ट भाषांतरांची, आणि माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो इथेच. आमची भाषांतरं गेटटेक्स्टवर चालतात; त्यात प्रत्येक इंग्रजी वाक्याशेजारी त्याचं भाषांतर फाइलीत ठेवलेलं असतं. मूळ इंग्रजी वाक्यात एखादा शब्द जरी बदलला, तरी फाइल अद्ययावत करताना जुनं भाषांतर ‘फझी’ (म्हणजे शंकास्पद) ठरतं आणि अनुवादकाने तपासून तो शिक्का काढेपर्यंत वापरलं जात नाही. मराठी पानाच्या मधोमध इंग्रजी ओळ उगवते ती अशी. डिझायनर सहज म्हणतो, "मजकूर थोडा चुरचुरीत करू या." त्या ‘थोडा’पायी प्रत्येक भाषेतल्या माणसाला पुन्हा बसावं लागतं, आणि लहान भाषांत असा माणूस बहुधा एकच असतो, तोही नोकरी सांभाळून. म्हणून रूप आणि मजकूर एकाच वेळी बदलायला माझा विरोध असतो. शिवाय इंग्रजीत नेटक्या दिसणाऱ्या घट्ट ओळींत देवनागरीच्या वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढतात, अरबीत तर सगळी मांडणीच उजवीकडून सुरू होते. पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरंही मी परत पाठवते. साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५:१ इतका फरक हवा, असं सुगम्यतेचे जागतिक निकष सांगतात, आणि कमी दिसणाऱ्यांसाठी तो खरोखरच लागतो.

नवी साइट बांधणारा स्वयंसेवक उद्या नसेल, हेही धरून चालावं लागतं. त्याच्या आवडीचं फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, दुसऱ्या कुणाला येत नसेल, तर वर्षा-दोन वर्षांत साधी दुरुस्तीसुद्धा अडते. त्यापेक्षा साध्या मजकुराच्या फाइली आणि त्यांतून तयार होणारी स्थिर पानं बरी.

डेबियन या स्वयंसेवकांनीच चालवलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने डिसेंबर २०२० मध्ये नवं मुखपृष्ठ आणलं, तेही सगळी साइट एकदम न उलथता. मला हीच रीत पटते.

तुम्हाला हात लावायचाच असेल, तर आधी इन्स्टॉल कसं करायचं ते पान घ्या. सॉफ्टवेअर कधीच न वापरलेल्या कुणालातरी ते वाचून इन्स्टॉल करायला सांगा, शेजारी गप्प बसा आणि तो कुठे अडतो ते टिपून घ्या. तेवढीच जागा दुरुस्त करून पाठवा. आठवड्याच्या आत तपासून उत्तर देण्याची जबाबदारी माझी.