विजयदुर्गाची खाडी

शनिवार रात्र, विजयदुर्ग

करूळ घाट उतरून वैभववाडी मागे टाकली की हवाच बदलते. तळेऱ्याला स्वेटर काढला. तिथून पुढचा रस्ता मला महामार्गापेक्षा कितीतरी आवडतो. जांभ्याचे सडे, वाळून सोनेरी झालेलं गवत, मध्येच मोहरलेल्या हापूसच्या बागा. काचा खाली केल्या की मोहराचा वास थेट गाडीत. पडेल कॅन्टीनच्या तिठ्यावर पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती.

किल्ल्यात आधी साहेबाचे ओटे पाहिले. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर इथे आले होते, त्यांच्या दुर्बिणींसाठीचे हे ओटे. (हेलियमचा शोध इथेच लागला असं सर्रास सांगतात, पण सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच पाहिली होती.)

संध्याकाळी सगळे सूर्यास्तासाठी समुद्राच्या बाजूला गेले. मी आणि बाबा खाडीकडच्या तटावर बसलो. वाघोटनच्या या खाडीत उघड्या समुद्राचा मारा पोचत नाही. गलबतांना याहून चांगला निवारा कुठला? याच भरवशावर आंग्र्यांनी आत गिर्येजवळ खडकात गोदी खोदली. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की त्याच्या तळाची डागडुजी करायची.

आणि याच निवाऱ्यात तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार जळलं. फेब्रुवारी १७५६. समुद्राकडून इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा, जमिनीवरून पेशव्यांची फौज. इंग्रजांकडूनच जिंकून आणलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडला, ते पेटलं, आणि शेजारच्या गुराबा (लढाऊ गलबतं) एकामागून एक पेटत गेल्या. त्या पाण्याकडे बघताना मला फार वाईट वाटलं. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये हा किल्ला घेतला, पुढे आरमार उभं केलं, आणि शंभरेक वर्षांत आपणच परक्याच्या तोफा बोलावून आपलं आरमार मोडून घेतलं.

बाबा म्हणाले, "तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते गं. पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होताच." खरं आहे. तरी मला पटत नाही. तुळाजींना जमिनीवरून नमवता आलं असतं. जळालेली जहाजं मात्र पुन्हा उभी राहिली नाहीत. आणि मिळालं काय? लूट इंग्रजांनी परस्पर वाटून घेतली, किल्लाही कित्येक महिने सोडला नाही. बाणकोटचा किल्ला पदरात पडल्यावरच सोडला. बाबा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नानासाहेब पेशव्यांची बाजूही नीट वाच."

वाचेन. उद्या गिर्ये. रामेश्वराच्या देवळाशी संभाजी आंग्र्यांची समाधी आहे, ती बघून गोदीवर जायचं, तेही ओहोटीची वेळ धरून, म्हणजे तळापर्यंतचा खडक दिसेल. बाबांना मी तिथेही सोडणार नाही.