नवरात्रानंतर उलटलेली झोप दिवाळीआधी जागेवर आणताना

बडोद्यात नवरात्राच्या नऊ रात्री बारापर्यंत गरबा, मग सेव-उसळ, मग घरी येऊन फोन. नवमीपर्यंत माझी झोप पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा अशी जाऊन बसली होती. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. माझं ऑफिस दुपारी एकचं, त्यामुळे सकाळ हाताशी होती.

पहिल्याच दिवशी झालेली चूक आधी सांगते, कारण ती सगळेच करतात. एकादशीला सहाचा गजर लावला आणि पावणेसातला कमाटीबागेत उन्हात हजर. त्या रात्री डोळा लागला तो पावणेपाचला! शरीराचं तापमान झोपेत सर्वांत खाली जातं ते आपल्या रोजच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी. त्यानंतर डोळ्यांवर उजेड पडला तर झोपेची वेळ अलीकडे येते. त्याआधी पडला तर पलीकडे ढकलली जाते. साडेअकराला उठणाऱ्याचा हा बिंदू नवाच्या आसपास. म्हणजे कमाटीबागेतलं ते कोवळं ऊन माझ्या शरीराच्या हिशेबात मध्यरात्रीचं होतं, आणि गरब्याच्या मैदानातल्या हॅलोजनचंच काम त्याने केलं.

मग द्वादशीला मुकाट्याने साडेअकरालाच उठले आणि दहा मिनिटांत गच्चीवर. अर्धा तास, गॉगल न लावता. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीत बसलं तरी चालतं. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स उजेड असतो, बाहेर सावलीतही काही हजार. खिडकीशी चहाचा कप घेऊन बसणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. पुढे रोज गजर अर्धा तास अलीकडे: अकरा, साडेदहा, दहा.

झोपायची वेळ मात्र ठरवली नाही. उठणं आपल्या हातात असतं, झोप लागणं नसतं. दहाला बळेच आडवं झालं की अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, हेच मेंदू शिकतो. पापण्या जड झाल्यावरच पडायचं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही (अंदाजाने, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं) तर उठून खुर्चीत. पाच वॅटच्या पिवळ्या दिव्यात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. टॉवेल, उशांचे अभ्रे, मोजे जोडीने. चौथ्या-पाचव्या घडीला जांभई येते. फोन हातात घेतलात तर येत नाही.

कोजागिरीने गाडी अडली. मसाला दूध बाराला, झोपायला दोन. पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्ससुद्धा भरत नाही, त्याचा दोष नाही. गच्चीवर लावलेल्या फोकसचा आहे. दुसऱ्या दिवशी तरीही साडेनऊलाच उठले. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी, तीही गजर लावून. तासभर झोपलात तर रात्रीची भूक दुपारीच भागते. साडेनऊवरच तीन दिवस थांबले, कारण रात्रीची झोप अजून दोनच्या पुढेच होती. उठण्याची वेळ अलीकडे पळाली आणि झोप मागे राहिली की नुसती झोप कापली जाते, आणि मग स्कूटर चालवताना डुलकीची भीती. अशी गाडी अडली की रात्रीचे आकडे दोन दिवस सरकल्यावरच गजर पुन्हा हलवायला लागायचं. आकडे तीनच: दिवा मालवला, झोप लागली असावी, उठले. कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने मावतात.

संध्याकाळचं थोडक्यात. चार वाजताचा चहा सुटता सुटत नाही, पण कॅफिनचा अर्धा भाग उतरायलाच पाचेक तास लागतात. मी शेवटचा कप दोनला आणला. झोपेच्या दोन तास आधी ट्यूबलाइट बंद. तासभर आधी कोमट पाण्याची अंघोळ; त्यानंतर अंग निवतं आणि गुंगी येते.

वद्य नवमीला साडेसहाला उठले, रात्री पावणेअकराला झोप.

सकाळी नऊचं ऑफिस असेल तर इतक्या सावकाश सरकता येत नाही. अशा वेळी वाटेत गडद गॉगल, आणि तापमानाचा आपला तो सर्वांत खालचा बिंदू उलटल्यावर अर्धा तास उघड्यावर. घोरताना श्वास अडकत असेल, आठवड्यातल्या तीन रात्री झोप न लागणं तीन महिने चालू असेल किंवा बायपोलरची औषधं चालू असतील, तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

एक बडोद्याची अडचण राहते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, शहर ७३.२ वर, सूर्य घड्याळापेक्षा साधारण ३७ मिनिटं मागे. दिवाळीत साडेसहाला झुंजुमुंजू असतं, जानेवारीत सूर्य उगवतो जवळजवळ सात वीसला. तेव्हा गजर तोच ठेवते, उठल्याउठल्या घरातले सगळे दिवे लावते आणि गच्चीवर साडेसातला जाते.